कॅनडात मेडिकल रेकॉर्डचं काम करायचं तर काय वाचायचं अन् कुणाचं ऐकायचं

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. नांदेडला खाजगी दवाखान्यात मेडिकल रेकॉर्डला आहात, वहिनींचं पीआर (कॅनडात कायम राहायची परवानगी) झालंय, दोघं ओंटारियोत यायलात, अन् विचारायलात की हेल्थ इन्फॉर्मेशन मॅनेजमेंट (पेशंटच्या नोंदी सांभाळायचं काम) आणि आरोग्याच्या आकडेवारीसाठी भरवशाचं काय वाचावं, आणि तिथल्या क्लासवाल्याचा पाऊण लाखाचा मेडिकल कोडिंगचा, म्हणजे आजार अन् उपचारांना ठरलेले कोड लावायचा, कोर्स करूनच यावं का. मी मूळची लातूरची, टोरोंटोजवळ एका हॉस्पिटलात हेच काम करते, म्हणून जरा पाल्हाळ लावते, वाचून घ्या.

आधी क्लासचं सांगते, पैसे भरू नका. क्लास फसवा असतो असं नाही, पण आपल्याकडं कोडिंग म्हणून जे शिकवतात ते अमेरिकेचं असतं, कारण हैदराबाद-चेन्नई-पुण्यातल्या कंपन्या अमेरिकन हॉस्पिटलांची बिलं करतात. म्हणून आयसीडी-१० ची (डब्ल्यूएचओची आजारांच्या कोडची यादी) अमेरिकेची सीएम आवृत्ती आणि सीपीटी (उपचार-प्रोसिजरचे कोड) शिकवतात. सीपीटी तर अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मालकीचं, इकडं डॉक्टरचं बिल प्रांताच्या सरकारला जातं त्यांच्या स्वतःच्या फी-कोडनं, सीपीटी कुणी विचारत नाही. कॅनडात हॉस्पिटलच्या कोडिंगला दोन पुस्तकं चालतात, आजारासाठी आयसीडी-१०-सीए आणि ऑपरेशन-प्रोसिजरसाठी सीसीआय, आणि दोन्ही सांभाळते कॅनेडियन इन्स्टिट्यूट फॉर हेल्थ इन्फॉर्मेशन, आम्ही सगळे सायहाय म्हणतो.

फरक किती पडतो ते बघा. सोयाबीन काढताना नाग चावला ही केस तुमच्याकडं दर सीझनला येत असणार. डब्ल्यूएचओच्या आयसीडी-१० मध्ये सापाच्या विषाला टी६३.०, वर बाह्य कारणाचा एक्स२०. हीच केस अमेरिकेत टी६३.०४१ए होते, त्यात ४ म्हणजे नाग, १ म्हणजे अपघातानं, आणि शेवटचा ए म्हणजे उपचार अजून चालू आहेत. कॅनडाची आवृत्ती डब्ल्यूएचओच्या सांगाड्यावर आहे, काही जागी जादा आकडे लावलेत एवढंच. म्हणजे तुम्हाला डब्ल्यूएचओची पक्की येत असली तर अर्धं काम झालं, आणि ती डब्ल्यूएचओच्या साइटवर फुकट आहे, शिकायचं ट्रेनिंगसुद्धा फुकट. आयसीडी-११ ची भीती आत्ता घेऊ नका, ती १ जानेवारी २०२२ पासून लागू म्हणतात पण इथली हॉस्पिटलं अजून १० वरच आहेत.

कोड पाठ करण्यापेक्षा नियम वाचा. इथं मुख्य निदान म्हणजे पेशंट ज्यासाठी भरती झाला तेच असेल असं नाही, तर ज्या आजारामुळं त्याचा मुक्काम जास्तीत जास्त लांबला ते. अमेरिकेत उलटं, सगळ्या तपासण्या झाल्यावर भरतीचं जे कारण ठरलं ते. एकच केस पेपर, दोन देशांत दोन मुख्य निदानं निघू शकतात! सायहायचे कोडिंग स्टँडर्ड हेच शिकवतात, जॉइन झाल्यावर रोज तेच उघडायचंय.

लायसन्सबिन्सचं असं की ह्या पेशाची इथली संघटना चिमा, तिचं सीएचआयएम हे सर्टिफिकेट बहुतेक जाहिरातीत मागतात, त्यासाठी त्यांच्या मान्यतेचा कोर्स आणि मग राष्ट्रीय परीक्षा. कोर्सची यादी चिमाच्याच साइटवर बघा, एजंटच्या पीडीएफात नको. वेसचा (परदेशी डिग्री तपासून तिची इथल्या शिक्षणाशी तुलना करणारी संस्था) रिपोर्ट इमिग्रेशनला चालतो, त्यानं ह्या पेशाचं काही होत नाही, लोक दोन्हीत गल्लत करायलेत. पगाराचा अंदाज पाहिजे तर सरकारच्या जॉब बँकवर एनओसी (सरकारचा नोकऱ्यांचा कोड) १२१११ टाका, प्रांतवार दिसतो, यूट्यूबवाल्यांचे आकडे सोडून द्या.

आता आकडेवारी. स्टॅटिस्टिक्स कॅनडाचे तक्ते फुकट आहेत, सायहायचे बरेचसे पण, मात्र आकड्याच्या आधी त्याच्याखालची पद्धतीची टीप वाचायची सवय लावा. हॉस्पिटलातून सुटलेल्या पेशंटचा सायहायचा जो मोठा डेटाबेस आहे त्यात क्युबेकची हॉस्पिटलं थेट येत नाहीत, आणि कुणी "देशभराचा आकडा" म्हणून तो चिकटवला की गडबड. लहान आकडे दाबून ठेवतात किंवा ५ च्या पटीत गोल करतात, पेशंट ओळखू येऊ नये म्हणून, त्यामुळं बेरीज जुळली नाही तर घाबरू नका.

हे आपल्याकडचं बघून जास्त कळतं. पीएचसी दर महिन्याला एचएमआयएसवर (सरकारची आरोग्याची ऑनलाइन नोंद) बाळंतपणं चढवते, ती दवाखान्यानं कळवलेली मोजणी. एनएफएचएस (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) घरोघरी जाऊन केलेला नमुना सर्व्हे, पाचवा २०१९-२१ चा, करते मुंबईची लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था आयआयपीएस. दोन आकडे वेगळे आले की पेपरवाले बोंब मारतात, पण दोन्हीचे भाजकच (कितींपैकी मोजलं ते) वेगळे. मरणाच्या कारणाचं तर तुम्हाला माहीतच आहे, फॉर्म ४ वर (मृत्यूच्या कारणाचा दाखला) डॉक्टर "कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट" लिहून मोकळे होतात, मूळ कारणाची खालची ओळ कोरी. अशा कागदातून निघालेल्या टक्केवारीवर किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. आणि बार्शीची कॅन्सर रजिस्ट्री (त्या भागातल्या कॅन्सर पेशंटची नोंद) वाचाच. १९८७ ची, ग्रामीण भागातली देशातली पहिली, बार्शीसोबत आपले परंडा अन् भूम तालुके त्यात येतात. दवाखान्यात येईल तेवढंच मोजलं नाही, गावोगाव माणसं पाठवून पेशंट शोधले. मुलाखतीत "डेटा क्वालिटी म्हणजे काय" विचारलं तर परदेशी उदाहरण देण्यापेक्षा हे द्या, मी देते.

प्रायव्हसीचा ओंटारियोचा कायदा पीएचआयपीए, २००४ चा, येण्याआधी एकदा तरी नजरेखालून घाला. आपल्याकडं रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकणं चालून जातं, इथं ज्याच्या केसशी आपलं काम नाही त्याची फाइल नुसती उघडून बघितली तरी नोकरी जाऊ शकते, सिस्टिममध्ये कुणी काय उघडलं ते सगळं दिसतं.

पुस्तकं उचलून आणू नका, वजन उगं. त्याऐवजी सुपरिटेंडेंटकडून अनुभवाचं पत्र कामवार लिहून घ्या: महिन्याला किती डिस्चार्ज फाइली तपासता, कोडिंग कोणत्या आवृत्तीनं, जन्म-मृत्यूचे फॉर्म कोण भरतं, विम्याच्या क्वेरीला उत्तर कोण देतं. नुसतं "मेडिकल रेकॉर्ड क्लार्क, वर्तणूक चांगली" असलं पत्र इथं कुणी वाचत नाही, आणि एकदा नोकरी सोडून आल्यावर ते पत्र मिळवायला फार फोन करावे लागतात.