प्लेटोच्या 'गॉर्जिअस' संवादातला पोलस खरंच इतका बिनडोक आहे का?

नाही. वक्तृत्व शिकवणाऱ्या गॉर्जिअसचा हा तरुण शिष्य उतावळा आहे. नावाचा अर्थच शिंगरू, आणि सॉक्रेटिस त्यावर कोटीही करतो. पण सिसिलीतल्या अक्रागासच्या या पोराने वक्तृत्वावर लिहिलेलं पुस्तक सॉक्रेटिसने वाचलेलं होतं, हे विसरू नका.

एम.ए.ला माझा सेमिनार याच भागावर होता. शाळेपासून वक्तृत्व स्पर्धा गाजवलेल्या, त्यामुळे वक्तृत्व ही कलाच नव्हे, पाककौशल्यासारखी खुशामत आहे, हे सॉक्रेटिसचं म्हणणं मला झोंबलं होतं. मी पोलसची बाजू घेतली. अन्याय सोसण्यापेक्षा करणं जास्त वाईट आणि अन्याय करणारा दुःखीच, असं सॉक्रेटिस म्हणतो. त्यावर पोलस मॅसिडोनियाच्या आर्किलाउसचा दाखला देतो. काका मारला, चुलतभाऊ मारला, सात वर्षांच्या सावत्र भावाला विहिरीत टाकलं आणि त्याच्या आईला सांगितलं, हंसामागे धावताना पडला. तरी राजा झाला. हा माणूस दुःखी कसा, हे विचारणारा बिनडोक?

पोलस फसतो तो पुढे. अन्याय सोसणं जास्त वाईट, पण करणं जास्त लाजिरवाणं, असं तो मान्य करतो. लाजिरवाणं म्हणजे एक तर जास्त क्लेशकारक, नाही तर जास्त अपायकारक, हेही मान्य करतो. करणाऱ्याला क्लेश जास्त नाहीत, म्हणजे अपाय जास्त, म्हणजे करणंच जास्त वाईट. संपला वाद. मी म्हटलं, "पण अपाय कुणाला? करणाऱ्याला की बाकीच्यांना? पोलसने एवढंच विचारायला हवं होतं."

सर हसले. "ढाली जिंकणाऱ्यांना पोलसचाच पुळका येणार." सगळा वर्ग हसला आणि मी खाली बसले. पुढे प्लेटोचे अभ्यासक ग्रेगरी व्लास्टॉस यांच्या लेखात अशीच 'कुणाला?' ही हरकत वाचली, फक्त त्यांची क्लेशाबद्दल होती, तेव्हा रात्रभर झोप लागली नाही. माझा मुद्दा बरोबर होता. सरांनी त्याला उत्तर दिलंच नव्हतं.

संवादात पोलसनंतर सॉक्रेटिसशी वाद घालणाऱ्या कॅलिक्लीझच्या मते पोलस लाजेपायी अडकला. मला ते निम्मंच पटतं. अर्थात पोलसचं पुस्तक आज उपलब्ध नाही, आपल्याला दिसतो तो प्लेटोने रंगवलेला पोलस. आणि सुरुवातीला गॉर्जिअसची कला कोणती असं विचारल्यावर तो नुसती स्तुती करत सुटतो, तिथे चूक त्याचीच.

तुम्हालाही वर्गात यावर बोलायचं असेल तर 'कुणाला?' हा प्रश्न सोडू नका. कुणी हसलंच तर ४७३व्या पानाचा (प्लेटोच्या आवृत्त्यांत समासात छापलेला आकडा) शेवट मोठ्याने वाचा. पोलस हसतो तेव्हा सॉक्रेटिस त्याला विचारतो, हसणं हा खंडनाचा नवा प्रकार आहे का? ती ओळ त्या दिवशी माझ्या वहीत लिहिलेली होती.