स्वतःचे भाग छापणारा प्रिंटर आणि चिरणारा नॉब

प्रश्न : ओपन सोर्स थ्रीडी प्रिंटर स्वतःचेच भाग छापतो म्हणे. मग एक घेतला की दुसरा घरीच तयार होतो का?

उत्तर : पूर्ण नाही. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात एड्रियन बॉयर यांनी २००५ साली रेपरॅप प्रकल्प सुरू केला तो याच कल्पनेतून. २००८ मध्ये ‘डार्विन’ यंत्राने छापलेल्या भागांतून दुसरे यंत्र उभेही राहिले. पण मोटर, पट्टे, नॉझल (वितळलेले प्लास्टिक बाहेर सोडणारे तोंड), हीटर, कंट्रोल बोर्ड तेव्हाही छापता येत नव्हते, आजही घरी येत नाहीत. आमच्या मते खरा लाभ दुरुस्तीचा आहे. आराखडे खुले असल्याने मोडलेला भाग हवा तसा बदलून छापता येतो. मात्र एक्स्ट्रूडरचे, म्हणजे प्लास्टिकची तार पुढे ढकलणाऱ्या यंत्रणेचे, भाग आधीच छापून ठेवा. ते तुटल्यावर छापणार कशावर? हॉटएंडजवळ, म्हणजे प्लास्टिक वितळवणाऱ्या तापत्या टोकाजवळ, पीएलए प्लास्टिक नको, ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडते. तिथे जास्त उष्णता सोसणारे पीईटीजी प्लास्टिक वापरा.

प्रश्न : ६ मिमी दांड्यासाठी ६ मिमी भोकाचा नॉब आडवा ठेवून छापला. बसेना म्हणून ठोकला, तर दांड्याच्या दिशेने चिरला. काय चुकलं?

उत्तर : दोन गोष्टी. पहिली म्हणजे माप. नॉझल तापवा, एक्स्ट्रूडरच्या तोंडापासून १२० मिमीवर फिलामेंटला (प्लास्टिकच्या तारेला) खूण करा आणि १०० मिमी फिलामेंट सावकाश पुढे सोडा. २० ऐवजी १६ मिमी उरले, तर १०४ मिमी गेले; प्लास्टिक जास्त पडते आणि भोके आवळतात. मार्लिन फर्मवेअरमध्ये (प्रिंटर चालवणाऱ्या आतल्या प्रोग्रॅममध्ये) एक मिमी फिलामेंटमागे मोटरच्या पावलांचा जुना आकडा ९३ असेल तर ९३ × १०० ÷ १०४ = ८९.४. ‘एम९२ ई८९.४’ (M92 E89.4) ही आज्ञा प्रिंटरला पाठवा आणि ‘एम५००’ (M500) या आज्ञेने साठवा, हे विसरलात तर यंत्र बंद करताच जुना आकडा परत येतो.

एवढे करूनही भोक थोडे लहानच येते, कारण वळणावर गरम धागा आत ओढला जातो. अख्खा नॉब वाया घालवू नका. ६.१, ६.२ आणि ६.३ मिमी भोकांच्या ५ मिमी उंच कड्या छापून दांड्यावर घालून पाहा.

दुसरी आणि मोठी चूक दिशेची. लाकूड रेषेत फाटते तशी छापील वस्तू थरांच्या सांध्यात उकलते. आडव्या नॉबमध्ये ते सांधे दांड्याला समांतर होते, ठोकताच उघडले. उभा छापा, म्हणजे भोकाभोवती प्रत्येक थरात अखंड कडे पडेल. भिंती (बाहेरच्या कडेचे फेरे) ४ ठेवा. नुसते इनफिल (आतली जाळीदार भर) वाढवून ही चीर थांबत नाही. तरीही थर सुटले तर नॉझलचे तापमान ५ अंशांनी वाढवा आणि पंखा कमी करा.