शेंदरी पंखे, जाळीचा झगा आणि चांदीचा चमचा

प्रश्न (जांबोटी): बांधावर पडलेल्या ओंडक्यावर शेंदरी रंगाचे पंखे उगवलेत. कातड्यासारखे चिवट आहेत. ही कोणती अळंबी?

उत्तर: वर्णनावरून पिक्नोपोरस सँग्विनियस वाटते. पंखा उलटून बघा. खाली छत्रीसारख्या अळंबीला असतात तसे पातळ पडदे नसून सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतील, आणि तीही शेंदरीच, तर शंका उरत नाही. सिनाबरिनसारख्या रंगद्रव्यांमुळे हा रंग येतो. जुनी झाली की फिकटते. हिला मेलेलं लाकूड लागतं, तेही ऊन खाणारं. त्यामुळे भीमगडच्या दाट रानात शिरण्यापेक्षा बांध, रस्त्याकडेचे ओंडके, तोडलेले बुंधे पाहा. लाकडाला कणखर ठेवणारं लिग्निन ती फोडते, म्हणून ओंडका आतून पांढुरका, भुसभुशीत होत जातो. वासा काढायचा बेत असेल तर तो सोडा. भाजीचाही सोडा, चावणारच नाही!

प्रश्न (कणकुंबी): बांबूच्या बेटात सकाळी जाळीचा झगा घातलेली अळंबी दिसली. वास मात्र मेलेल्या उंदरासारखा. दुपारी ती कोलमडली होती.

उत्तर: जाळी पांढरी असेल तर फॅलस इंड्युसिएटस, पिवळी-नारिंगी असेल तर बहुधा फॅलस मल्टिकलर. जमिनीतल्या अंड्यासारख्या गोळ्यातून ती काही तासांत वर येते. टोपीवरच्या हिरवट चिकट्यात बीजाणू असतात. वासाला भुलून माश्या येतात आणि ते पायाला लावून नेतात. एवढं काम झालं की तिचं आयुष्य संपलं.

प्रश्न (खानापूर): रंगीत ती विषारी, पांढरी ती खायची; शिजवताना चांदीचा चमचा काळा पडला नाही तर बिनधोक. खरं ना?

उत्तर: दोन्ही खोटं. डेथ कॅप ही जीवघेणी अळंबी फिकट हिरवट असते, तिच्या काही बहिणी तर शुभ्र. त्यांच्या विषाने ना चमचा काळा पडतो, ना ते शिजवून जातं. आपल्याकडे घोळ होतो तो वारुळावरच्या, खायच्या अळंबीचा. तिचा दांडा मुळासारखा खाली वाळवीच्या घरट्यापर्यंत जातो, म्हणून उपटू नका, खणून बघा. मग टोपी रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथी ठेवा. वारुळावरचीच्या बीजाणूंचा ठसा गुलाबीसर उमटतो. हिरवट उमटला तर ती गवतात उगवणारी विषारी क्लोरोफायलम. पण गुलाबी ठशाच्या विषारी जातीही आहेत, तेव्हा नुसत्या ठशावर चूल पेटवू नका.

खाल्ल्यावर लगेच नव्हे, तर सहा-बारा तासांनी उलट्या-जुलाब सुरू झाले तर जास्त घाबरायला हवं. मधे बरं वाटलं तरी आत यकृत निकामी होत असू शकतं. थेट मोठ्या दवाखान्यात जा आणि उरलेली अळंबी कागदात गुंडाळून सोबत न्या. प्लास्टिकच्या पिशवीत ती लगेच कुजते.