"आमच्यामुळेच झालं का हे त्याला?"

स्किझोफ्रेनिया (नसलेले आवाज ऐकू येणं, विनाकारण संशय येणं असा मानसिक आजार) असलेल्या मुलाचे आईवडील माझ्याकडे आले की दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत हा प्रश्न येतोच. बहुतेक वेळा आई विचारते, पेशंट बाहेर बसलेला असताना, हळू आवाजात. मी आधी सरळ सांगते, नाही. आजार मेंदूचा आहे, आनुवंशिकतेचा त्यात मोठा वाटा आहे, तुमच्या रागावण्यानं किंवा लाडानं तो होत नाही. पण एकदा झाला की तो पुन्हा उसळतो की आटोक्यात राहतो, हे घरातल्या बोलण्यावर बरंच अवलंबून असतं. हे दुसरं वाक्य ऐकायला मात्र फार कमी जण तयार असतात.

नागपुरात मानेवाड्याकडचं एक कुटुंब आठवतं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). मुलगा सत्तावीसचा, डिप्लोमा अर्धवट सुटलेला, गोळ्या नियमित, तरी दीड वर्षात दोनदा ॲडमिट. वडील रिटायर्ड, म्हणजे दिवसभर घरातच. पहिल्याच भेटीत म्हणाले, "मॅडम, याचं काही दुखत नाई, आळशी झाला हा. बारा वाजेपर्यंत लोळून राहते." आईचं नेमकं उलटं. गोळी स्वतः तोंडात घालायची, जीभ वर करायला लावून बघायची, तो आंघोळीला गेला की बाथरूमच्या दाराशी उभी. ओळखीचं कोणी बघेल म्हणून पागलखाना चौकाकडून (मनोरुग्णालय तिथंच आहे) ऑटोसुद्धा नेऊ द्यायची नाही.

उशिरा उठणं, कशातच मन न लागणं, आंघोळीचा कंटाळा, हा आजाराचाच भाग असतो, काही गोळ्यांनी सुस्तीही येते. हे मी वडिलांना समजावलं, त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या वेळी परत तेच. मग मी एक वही दिली. म्हटलं, आठवडाभर मुलाशी जे बोलाल ते जसंच्या तसं लिहा, बाकी काही बदलू नका.

वही घेऊन आले, मोठ्यानं वाचायला लागले. "उठला का. ब्रश केला का. गोळी घेतली का. किती वेळ मोबाईल पाहशीन. समोरच्याचा पोट्टा पुण्याला लागला." दुसऱ्या पानावर थांबले, चष्मा काढला, परत घातला. "याच्यात तर गप्पांचं एक पण वाक्य नाई ना, मॅडम."

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं मला इतक्या वर्षांनी जमायला लागलंय. आई म्हणाली, "मी म्हणतच होती, तुम्ही नुसते ओरडता." तेव्हा एवढा वेळ खाली बघत बसलेला मुलगा बोलला, "आई, डोक्यातल्या आवाजाला मी चूप बस म्हणू शकतो. तुला नाई म्हणता येत."

खरं काम तिथून सुरू झालं. टोमणे आणि अति काळजी, दोन्हींचा ताण त्या मुलावर सारखाच पडत होता. लंडनमध्ये १९५० च्या दशकात समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन यांना दिसलं होतं की हॉस्पिटलमधून आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले पेशंट, भाड्याच्या खोलीत किंवा भावाबहिणीकडे राहणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा परत आजारी पडतात. पुढच्या अभ्यासांत हेही दिसलं की टोमणे किंवा अति काळजी असलेल्या घरात आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त समोरासमोर सहवास असेल तर धोका वाढतो. नंतर चंदीगडला असाच अभ्यास झाला तर तिथल्या कुटुंबांत टीका लंडनपेक्षा कमी निघाली, म्हणून "आपल्याकडे घरं अशीच असतात हो" हे मी ऐकून घेत नाही. औषध सायकियाट्रिस्टनं बघायचं, घरातला सूर ही माझी बाजू, आणि माझ्या मते तिच्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं.

आईला मी संध्याकाळी भजनी मंडळात पाठवलं, वडिलांना सकाळी दोन तास घराबाहेर. गोळ्यांचा डबा मुलाच्या हातात, आईनं रात्री फक्त एकदा बघायचा. सांगायचं ते एका वेळी एकच, छोट्या वाक्यात. आवाज ऐकू येतात म्हणाला तर "काही नाहीये तिथं" म्हणून वाद घालायचा नाही आणि "हो, मलाही येतात" असंही नाही, "भीती वाटून राहिली का?" एवढंच विचारायचं. वडील अजून अधूनमधून घसरतात, पण आता बापलेक सोबत मॅच बघतात, आणि मुलगा मामाच्या दुकानात अर्धा दिवस बसतो.

तुमच्या घरी झोप एकदम कमी झाली, संशय वाढला, एकटाच बडबडायला लागला, तर गोळ्यांचा डोस स्वतः वाढवू नका किंवा बंद करू नका, ताजबागच्या दर्ग्याला जायचं तर खुशाल जा, पण त्याच दिवशी सायकियाट्रिस्टलाही फोन करा. रात्री कोणी सापडलं नाही तर १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी टेलिमानस नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येतं, आणि पेशंटऐवजी घरच्यांनी लावला तरी चालतो.