व्हिएतनामी स्थलांतरितांचा वारसा सांगणारे, पाहायलाच हवे असे भित्तिचित्र कोणते?

परदेशी स्थायिक झालेल्या व्हिएतनामी समाजाशी जोडलेले सार्वजनिक भित्तिचित्र पाहण्यासाठी कुठे जावे, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर आहे जर्मनीतील रोस्टॉक शहराचा लिख्टेनहागेन हा भाग. मात्र त्या भिंतीवर एकही व्हिएतनामी चेहरा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

वार्नेम्युंडेकडे जाणाऱ्या लोकलने लिख्टेनहागेनला उतरले की जवळच एक अकरा मजली इमारत लागते आणि तिच्या बाजूच्या भिंतीवर तीन प्रचंड सूर्यफुले दिसतात. जवळ गेल्यावर कळते की ती रंगवलेली नसून तुकडे जोडून भिंतीतच घडवलेली आहेत. पूर्व जर्मनीच्या काळातील ही निव्वळ शोभेची नक्षी. व्हिएतनामशी तिचा मुळात काहीही संबंध नव्हता.

तो जडला कंत्राटी कामगारांमुळे. १९८० मध्ये पूर्व जर्मनी आणि व्हिएतनाम यांच्या सरकारांत करार झाला आणि १९८९ पर्यंत पूर्व जर्मनीत सुमारे ६०,००० व्हिएतनामी कामगार होते. त्यांना वसतिगृहांत वेगळे ठेवले जाई आणि एखादी स्त्री गरोदर राहिली, तर गर्भपात किंवा मायदेशी रवानगी एवढेच पर्याय तिच्यापुढे असत. बर्लिनची भिंत पडल्यावर ज्यांची नोकरी आधी गेली, त्यांत हे लोक होते. २४ ऑगस्ट १९९२ च्या रात्री परदेशी लोकांचा द्वेष करणाऱ्या जमावाने याच इमारतीतील त्यांच्या वसतिगृहाला आग लावली, तेव्हा आत शंभराहून अधिक व्हिएतनामी होते, बाहेर बघे टाळ्या वाजवत होते आणि पोलीस मागे हटलेले होते. आतल्यांनी गच्चीची वाट फोडून शेजारच्या भागात उतरून जीव वाचवले.

त्यानंतर दोनच महिन्यांत तेथील व्हिएतनामींनी ‘दिएन होंग’ ही संस्था काढली. ‘एकाच छपराखाली एकत्र’ अशा अर्थाचे तिच्या नावातील जर्मन शब्द, छपरावरून सुटलेल्या माणसांनी निवडलेले, मला आकाशकंदील आणि शंकूच्या टोप्या रंगवलेल्या कोणत्याही भिंतीपेक्षा जास्त सांगून जातात. (तशा भिंती वाईट असतात असे नाही, पण त्या बहुधा उपाहारगृहांच्या पाट्यांसारख्याच दिसू लागतात.)

२०१७ मध्ये शहरात या घटनेची स्मारके म्हणून संगमरवरी स्तंभ उभारण्यात आले. त्यांपैकी इमारतीजवळच्या स्तंभाचे नाव ‘कायदा हातात घेणे’ अशा अर्थाचे आहे. तो आकाराने लहान असल्याने सूर्यफुलांकडे मान वर करून पाहताना नजरेतून सुटतो. म्हणून आधी तो शोधावा. इमारतीत आजही कुटुंबे राहतात, तेव्हा खिडक्यांची छायाचित्रे काढू नयेत.