लेकीच्या वाढदिवशी बाकूत काय बोलावे

अनेक आशीर्वाद.

अझरबैजानची राजधानी असलेल्या बाकूतल्या सहकाऱ्याने मुलीच्या सातव्या वाढदिवसाला तुला घरी बोलावले आहे आणि तिथे दोन शब्द बोलावे लागतील, म्हणून तू माझ्याकडे मजकूर मागितलास. पाठ केलेल्या भाषणापेक्षा तीन-चार छोटी वाक्ये मनापासून बोललास, तर ती त्या घरी अधिक पोहोचतील.

पहिले वाक्य आईवडिलांसाठी ठेव, आणि तेही त्यांच्याच अझरबैजानी भाषेत. मुलीचे कौतुक करताना ‘माशाल्लाह’ आणि लगोलग ‘अल्लाह साख्लासिन’, म्हणजे देव तिला सुखरूप ठेवो, असे म्हण. तिथेही लेकराला दृष्ट लागण्याची भीती खोलवर रुजलेली आहे. कित्येक घरांत त्यासाठी निळा मणी बांधतात, हरमल या वनस्पतीची धुरी देतात. म्हणून नुसती स्तुती करून थांबू नकोस.

मग मुलीकडे वळून ‘आद ग्युन्युन म्युबारॅक’, वाढदिवसाच्या शुभेच्छा, असे म्हण आणि पुढे ‘युझ याशा’, शंभर वर्षे जग, एवढे जोड. ‘आघ ग्युनलु ओल’, म्हणजे तुझे दिवस उजळ जावोत, हा आशीर्वाद मला सर्वांत सुंदर वाटतो; पण तो वडीलधाऱ्यांच्या तोंडी शोभतो, तसेच ‘गिझिम’, माझ्या लेकी, हे संबोधनही. तुझ्या वयाला ‘खोशबॅख्त ओल’, सुखी हो, पुरे. तिचे लग्न पाहायला मिळो, असे कोणी आजोबा म्हणाले तर ती त्यांची माया समज. तू मात्र इतक्या लहान मुलीला तसे म्हणू नयेस, असे मला वाटते.

आजी असतील, तर त्यांना बोलते करण्याची संधी सोडू नकोस. ‘बाशिना दोनुम’, तुझ्यावरून ओवाळून जाईन, ‘गादान आलिम’, तुझी पीडा मी घेईन, असे म्हणत त्या नातीला जवळ ओढतील आणि कदाचित एखादी बायातीही म्हणतील. बायाती म्हणजे चार ओळींचे लोककाव्य. प्रत्येक ओळीत सात अक्षरे, पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचे यमक जुळणारे, तिसरी मोकळी. लेकरांच्या लाडाची पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेली गाणीही पुष्कळदा याच घडणीत बांधलेली असतात. त्या वेळी मोबाइल खिशात ठेव आणि नुसते ऐक.

फुले नेणार असशील, तर तीन किंवा पाच ने. सम संख्येची फुले तिथे शोकप्रसंगी देतात, तेव्हा दुकानातून निघण्यापूर्वी ती स्वतः मोजून घे.