आप्पांना ३० पैकी १९

पार्किन्सन्स म्हणजे हात थरथरणं, हालचाली मंदावणं असा मेंदूचा आजार. त्याच्या पेशंटच्या घरून हल्ली एक प्रश्न हमखास येतो: "स्मरणशक्तीच्या टेस्टमध्ये इतके मार्क पडले, म्हणजे डिमेन्शियाच ना?" डिमेन्शिया म्हणजे रोजचं जगणं अडेल इतकी बुद्धी ढासळणं. आकडा दरवेळी वेगळा, धास्ती तीच. सांगलीतल्या एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.

आप्पा सत्तरीच्या पुढचे. शिक्षण सातवी, पण मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून उभी हयात गेलेली. तोलाई, हमाली, शेतकऱ्यांच्या उचली, सगळा हिशेब तोंडावर. पार्किन्सन्स होऊन काही वर्षं झाली होती. एका मोफत शिबिरात त्यांची टेस्ट घेतली गेली, ३० पैकी १९ आले, आणि कागदाच्या तळाशी कुणीतरी 'डिमेन्शिया?' असं लिहून दिलं. घरी पोचेपर्यंत त्यातलं प्रश्नचिन्ह गळून पडलं होतं.

कागद घेऊन सून आली, सोबत थोरला मुलगा आणि सासूबाई. मुलाचा पहिलाच प्रश्न बँकेचा. "मॅडम, आप्पांची सही आता चालणार का? सातबाऱ्यावर त्यांचंच नाव आहे. पुढं कायतरी भानगड नको." आई मधेच म्हणाल्या, "ह्यांना काय बी झालेलं न्हाई. परवा भाजीवाल्याची बेरीज चुकली ती ह्यांनीच काढली की."

दोघांचंही थोडंथोडं बरोबर होतं, हे नंतर कळलं. आधी मी तळाचा आकडा झाकून वरचा कागद वाचायला घेतला. घरच्यांना मी हेच सांगते, एकूण मार्कांची चिठ्ठी आणू नका, अख्खा कागद आणा.

ही टेस्ट 'मोका' नावाची. कॅनडात तयार झाली, २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. दहा-एक मिनिटांत होते, २६ आणि त्यावर असेल तर ठीक मानतात. बारावीपर्यंतच किंवा त्याहून कमी शिकलेल्याला एक मार्क वाढवून द्यायचा असतो. आप्पांना तो दिलाच नव्हता. म्हणजे सुरुवातच २० पासून.

आता ते २० कसे, ते बघू. ठोकळ्याचं चित्र बघून काढायचं होतं, शून्य. ज्या माणसानं जन्मात भूमितीची वही धरली नाही आणि आता ज्याचा हात थरथरतो, त्याच्या ठोकळ्यावरून मेंदूचा निकाल लावणं मला तरी पटत नाही. घड्याळात मात्र एक गोष्ट खटकली. गोल वाकडातिकडा होता, आकडे बारीक होत गेलेले, ते हाताचं दुखणं. पण सांगितलेल्या वेळेला काटे भलत्याच आकड्यांकडे वळवले होते. ते काही हाताच्या थरथरीनं होत नाही. १०० मधून सात-सात वजा करत जायचं होतं, तिथं पैकीच्या पैकी. दिवाणजीच ते. एका अक्षरावरून मिनिटभरात किमान ११ शब्द सांगायचे, तिथं शून्य. पार्किन्सन्समध्ये विचारही सावकाश चालतो आणि आवाजही बसतो, आणि शिबिराच्या हॉलमधला गोंगाट तर विचारूच नका. सांगितलेले किती शब्द तपासणाऱ्या मुलीला ऐकूच गेले नसतील, देव जाणे.

सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे पाच शब्दांची आठवण. सुरुवातीला सांगितलेले पाच शब्द थोड्या वेळानं आपणहून सांगायचे. आप्पांना एकही आला नाही, पाचपैकी शून्य. आणि लगेच खालच्या रांगेत चार बरोबरच्या खुणा! ती रांग इशारा दिल्यावरच्या उत्तरांची. 'त्यात एक फूल होतं' असं म्हटलं की आप्पांना फुलाचं नाव आठवत होतं. या उत्तरांना मार्क नसतात, म्हणून बेरजेत ती दिसतच नाहीत. पण माझ्या लेखी अख्ख्या कागदातली सगळ्यात बोलकी ओळ तीच. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या आजारात, पुष्कळदा शब्द मुळात साठतच नाही, मग इशारा देऊनही फारसा उपयोग होत नाही. पार्किन्सन्समध्ये बऱ्याचदा शब्द आत असतो, वेळेवर बाहेर काढता येत नाही. सरसकट सगळ्यांचं असंच असतं असं नाही, पण या दोन 'शून्यां'त फरक आहे.

मग मी कागदावर नसलेलं विचारायला लागले. टेस्ट किती वाजता झाली? दुपारी दीडच्या सुमारास. पार्किन्सन्सची बाराची गोळी? रांगेत उभं राहायच्या नादात राहिली. म्हणजे गोळीचा असर पुरता उतरलेला असताना त्यांना बसवलं होतं. चष्मा? घरीच. झोप? महिनोन्‌महिने तुटक. आणि औषधांच्या पिशवीतून निघाली ट्रायहेक्सिफेनिडिल, थरथरीसाठी पूर्वी कधीतरी चालू केलेली. वय झालेल्यांत ही गोळी विसराळूपणा आणि गोंधळ वाढवू शकते. लघवीच्या काही गोळ्यांचं, सर्दीच्या काही औषधांचंही तसंच. (वाचून घरात लगेच कुणाची गोळी बंद करू नका. ती एकदम थांबवली तर त्रास होतो, डॉक्टर ती टप्प्याटप्प्यानं उतरवतात.)

आप्पांशी एकट्यानं बोलले. आवाज इतका बारीक की खुर्ची जवळ ओढावी लागली. "डोकं चालतंय मॅडम, पण गाडी उशिरा सुटतीया," म्हणाले. मग बराच वेळ थांबून, "कशातच मन लागत न्हाई." हे उदासपण वेगळं बघावं लागतं, कारण त्यानंही मार्क खाली येतात, आणि त्यावर उपचार आहेत.

तर मग आप्पा ठणठणीत? नाही. इथंच घरच्यांची दुसरी ओढ सुरू होते: टेस्टच चुकीची, मग काळजी कसली! १८१७ मध्ये जेम्स पार्किन्सननं या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन लिहिलं, तेव्हा बुद्धी शाबूत राहते असं त्यालाही वाटलं होतं. आज आपल्याला माहीत आहे की नियोजन, लक्ष, जागेचा अंदाज यांवर या आजाराचा परिणाम होऊ शकतो. घड्याळाचे काटे मला उगाच खटकले नव्हते. सुनेनं सांगितलं, लाइटबिल भरून येताना औषधं आणा म्हटलं, तर आप्पा बिल भरून तसेच परत आले. कुणाशी बोलता बोलता पैसे मोजायला घेतले की मोजणी सुटते.

डिमेन्शिया म्हणायला एक आकडा पुरत नाही. बुद्धीच्या एकाहून जास्त बाजू ढासळलेल्या हव्यात आणि त्यामुळे रोजचं जगणं अडलेलं हवं, तेही हातापायाच्या त्रासामुळे नव्हे. घरी हे ओळखायचं कसं? आप्पांना शर्टाची बटणं लावायला वेळ लागत होता. बोटं घसरत होती, पण कोणतं बटण कोणत्या काजात हे पक्कं होतं. शर्ट उलटा घातला किंवा बनियनच्या आधी घातला, तर गोष्ट निराळी. गोळ्यांचंही तेच. पाकीट फोडता येत नाही हा एक त्रास, अकराची गोळी कुठली हेच कळत नाही हा दुसरा. आईंना मी मुद्दाम विचारलं की कुठली कामं तुम्हीच परस्पर उरकता. बायको सगळं हातात देत असली तर नवऱ्याचं काय सुटलंय ते वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही.

मी डॉक्टर नाही. या सगळ्याची टिपणं काढून मिरजेच्या न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. त्यांनी ती थरथरीची गोळी हळूहळू उतरवली, उदासपणावर औषध दिलं. काही महिने मधे जाऊ दिले, कारण लगोलग टेस्ट घेतली तर तेच शब्द पाठ असतात. मग सकाळी, गोळी लागू पडल्यावर, चष्मा लावून, शांत खोलीत पुन्हा टेस्ट. २३ आले. पुढं सविस्तर तपासणी झाली. तिच्यात लक्ष, नियोजन, स्मृती, भाषा आणि जागेचं भान अशा पाच बाजू प्रत्येकी निदान दोन चाचण्यांनी बघतात. आप्पा दमतात म्हणून ती दोन बैठकांत केली. निदान निघालं सौम्य बौद्धिक घट, डिमेन्शिया नव्हे.

मुलाचा सहीचा प्रश्न राहिलाच होता. त्याला सांगितलं, १९ ला सही जाते आणि २६ ला परत येते असं काही नसतं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं १२ वं कलम विचारतं ते एवढंच: करार करताना माणसाला तो समजतोय का, त्यात आपलं हित कशात याचा विचार त्याला करता येतोय का. आप्पांना येत होता. त्यांनीच सुचवलं की बँकेत थोरल्याचंही नाव जोडू, पण सह्या दोघांच्या लागल्या पाहिजेत. मुलगा जरा हिरमुसला.

उलटी बाजूही बघितलीय. विश्रामबागेतले एक निवृत्त मास्तर, ३० पैकी २८. टेस्ट जुनी, १९७५ ची, 'एमएमएसई'. तारीख, वार, गाव, वजाबाकी हे ती विचारते, नियोजनाचं जवळपास काहीच नाही. शिकलेला माणूस तिच्यातून आरामात निघून जातो. घरी मास्तर चहा करताना पातेलं न ठेवताच गॅस पेटवत होते, संध्याकाळी अंगणात नसलेली पोरं त्यांना दिसत होती. बायको सांगत राहिली आणि मुलं तिला २८ चा आकडा दाखवत राहिली. मार्क चांगले आणि घरात गडबड, असं असेल तर रोज बघणाऱ्या माणसाचं ऐका आणि सविस्तर तपासणी मागून घ्या.

आप्पांची सून आता वहीत तारीख, गोळीची वेळ आणि काय अडलं तेवढं लिहिते, डॉक्टरांना त्याचाच उपयोग होतो. तिला एक गोष्ट मात्र बजावून ठेवलीय. कालपर्यंत नीट असलेला माणूस एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागला, गुंगीत राहिला, घरच्यांना ओळखेना, तर तो पार्किन्सन्स वाढला असं धरून बसू नका आणि टेस्टची वाट तर मुळीच बघू नका. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, नवीन चालू झालेलं औषध, असं काहीतरी त्यामागं असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, आणि औषधांची पिशवी सोबत न्यायची.